इंजिन बंद, मग कॉम्प्रेसर फिरवतंय कोण?

नाशिकमध्ये ऊन तापलं की एसीच्या गॅरेजबाहेर गाड्यांची रांग लागते, आणि त्या दिवसांत ‘कॉम्प्रेसर गेलाय’, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप बिघडलाय, हे वाक्य सगळ्यात जास्त खपतं. मला ते १९ हजारांना पडलं. तुम्हाला पडू नये म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी जुनी हॅचबॅक, बेस मॉडेल. एसी लावला की डॅशबोर्डातून खडखड आवाज यायचा. पंखा चारवर नेला तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. गारवा मात्र ठीक होता. मुंबई नाक्याच्या बाजूला एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, एसी लावायला सांगितला, लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक कॉम्प्रेसरला आणि दुसरं कानाला लावलं, आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवली. "आतून खलास झालाय, साहेब. जाम झाला तर बेल्ट तुटेल, गाडी कसारा घाटातच उभी राहील." आमचं मुंबईला येणं-जाणं असतं हे त्याने आधीच गप्पांत काढून घेतलं होतं! कॉम्प्रेसर, गॅस, मजुरी मिळून २१,५०० सांगितले. घासाघीस करून १९,०००.

संध्याकाळी गाडी मिळाली. आवाज बंद, बॉनेटखाली कॉम्प्रेसर चंदेरी चकाकतोय. जुना पार्ट मागितला तर म्हणे, "तो एक्स्चेंजमध्ये कंपनीला जातो." बिल कच्चं, जीएसटी नंबर नाही. पक्कं हवं तर टॅक्स वरून द्या.

पावसाळ्याच्या तोंडावर तीच खडखड परत. या वेळी मित्राने अंबडच्या एका मिस्त्रींकडे धाडलं. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली आणि ब्लोअर, म्हणजे एसीची हवा आत फेकणारा पंखा, एकवर, दोनवर, चारवर नेला. आवाज सुरू, आणि पंख्याबरोबर वाढणारा. "साहेब, इंजिन बंद आहे. मग कॉम्प्रेसर फिरवतंय कोण?"

कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो. इंजिन बंद असताना येणारा आवाज त्याचा असूच शकत नाही. मिस्त्रींनी ग्लोव्ह बॉक्स काढला, मागचा ब्लोअर खाली उतरवला. त्याच्या गोल पिंजऱ्यात कडुनिंबाच्या काड्या, सुकी पानं आणि एक अख्खी निंबोळी. गाडी सोसायटीत कडुनिंबाखाली उभी असते. पुढच्या काचेखालच्या जाळीतून हे सगळं आत जातं आणि माझ्या मॉडेलमध्ये केबिन फिल्टर बसवलेलाच नाही. पहिल्या गॅरेजवाल्याने हाच कचरा गुपचूप काढला असणार.

आता कॉम्प्रेसर बघा म्हणाले. बोल्टच्या डोक्यांवर, वायरच्या कनेक्टरवर, अर्ध्या स्टिकरवरही चंदेरी स्प्रे उडालेला. पाइपांच्या जोडांवर मात्र जुनी तेलकट धूळ तशीच, नटाला पाना लागल्याची खूण नाही. पाइप सोडल्याशिवाय कॉम्प्रेसर निघतच नाही! तो खरंच बदलायचा तर आधी गॅस काढावा लागतो, जोडांना नवे ओ-रिंग लागतात, गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर बदलतात, व्हॅक्यूम पंप लावून ठेवतात आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये गॅस मोजून भरतात. कॉम्प्रेसर आतून फुटला असेल तर धातूचा चुरा पाइपांत जातो, तोही धुवून काढावा लागतो. यातलं एक अक्षरही न काढता कोणी नुसता ‘नवा कॉम्प्रेसर’ म्हणत असेल तर गाडी तिथे सोडू नका.

मिस्त्रींनी आणखी सांगितलं ते असं. इंजिन चालू, एसी बंद आणि तरी घरघर येत असेल तर कॉम्प्रेसरची पुली नाहीतर आयडलर (बेल्टला वळण देणारं चाक) यांचं बेअरिंग बघायचं, कारण एसी बंद असला तरी पुली फिरतच असते. ‘टक्’ करून क्लच (कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा, गिअरचा नव्हे) लागल्यावरच आवाज येत असेल तर क्लच किंवा कॉम्प्रेसरवर संशय घ्यायला जागा आहे, पण तेव्हाही आधी बेल्ट आणि रेडिएटरपुढचा पंखा तपासायचा. आणि ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ ही निव्वळ थाप. गॅस बंद सिस्टीममध्ये असतो. फार कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा उडणार.

ब्लोअर साफ करायचे त्यांनी ४०० घेतले.

पहिल्या गॅरेजमध्ये गेलो तर मालक म्हणाला, "आमच्याकडे काम केल्याचं बिल दाखवा." बिल कच्चं, पण पैसे यूपीआयने गेले होते आणि ‘कॉम्प्रेसर बसवला, गाडी घेऊन जा’ हा त्याचाच व्हॉट्सॲप मेसेज होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत २ वर्षांची. अंबडच्या मिस्त्रींनी काय आढळलं ते सहीनिशी लिहून दिलंय, स्प्रेचे फोटो काढलेत. स्पीड पोस्टाने नोटीस गेली, पोच आली, उत्तर नाही. आता आयोगाचे कागद भरायला घेतलेत.