डायलवाली टायमिंग लाईट: टायमिंग बसवायला नव्हे, का हलतंय ते बघायला

जुन्या पेट्रोल गाड्या सांभाळणाऱ्यांत हा प्रश्न हमखास निघतो: डायल असलेली टायमिंग लाईट, म्हणजे ठिणगीबरोबर लखलखून ती नेमकी कधी पडते (टायमिंग) ते दाखवणारा दिवा, घ्यावी का? त्यावर ठरलेलं उत्तरही तयार असतं, ‘टेस्ट बल्बवर टायमिंग बसतं की!’ बसतं, वादच नाही. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या (प्लगांना पाळीनं ठिणगी वाटतो त्या भागाकडच्या) टर्मिनलला बल्बची एक वायर, दुसरी गाडीच्या बॉडीला, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगी पाडणारा स्विच) उघडताक्षणी बल्ब पेटला की डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प आवळा. पण आवळलेलं टायमिंग चार दिवसांत हललं, परत बसवलं, परत हललं, तर बल्ब गप्प बसतो. तो बंद इंजिनावरचं दाखवतो आणि हे दुखणं चालू इंजिनाचं आहे. लाईटचे पैसे वसूल होतात ते इथे.

पुढचं सगळं महिंद्रा-विलिज जीप आणि एफसी-१५० या छोट्या ट्रकातल्या २.२ लिटर हरिकेन पेट्रोल इंजिनाला धरून आहे. यातल्या बऱ्याच गाड्यांत केव्हाच डिझेल इंजिन बसलं, पण पेट्रोलवर टिकलेल्या अजून दिसतात. आकडे असे: फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आधी ५ अंश, पॉइंट गॅप ०.०२० इंच म्हणजे अर्धा मिलिमीटर, ड्वेल (पॉइंट बंद राहतो तो कोन) ४२ अंश, प्लग गॅप ०.०३० इंच. रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगी वाटणारा फिरता हात) घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्युटरची बॉडी घड्याळाच्या दिशेनं फिरवली की ॲडव्हान्स (ठिणगी आधी), उलट फिरवली की रिटार्ड (ठिणगी उशिरा).

जोडणी सोपी आहे. लाल-काळे चिमटे बॅटरीला, लाईटचा क्लॅम्प एक नंबरच्या प्लग वायरवर, क्लॅम्पवरचा बाण प्लगकडे. पुलीवरची खाच आणि टायमिंग कव्हरवरचा दर्शक तारेच्या ब्रशनं घासून त्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारा. जाड रेघ दोन-तीन अंश गिळते. काही गाड्यांत या खुणा फ्लायव्हीलवर असतात, त्या खिडकीतून बघाव्या लागतात. आयडल (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. आयडल चढलेलं असेल तर डिस्ट्रिब्युटरमधली वजनं (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) आधीच उघडायला लागतात आणि सगळं वाचन फसतं.

आता खूण कशी हलते ते बघायचं.

खूण स्थिर आहे, पण काल पाचावर होती आणि आज टीडीसीवर आली. गाडी चढाला दम सोडते, रेडिएटर तापतो. इथे दोन संशयित असतात. एक डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प, दुसरा पॉइंटचा फायबर ठोकळा (शाफ्टवरच्या उंचवट्यांवर, म्हणजे कॅमवर, घासून पॉइंट उघडणारा). दोघंही टायमिंग मागेच नेतात, म्हणून लोकांची गल्लत होते. क्लॅम्प ढिला असेल तर शाफ्टच्या ओढीनं बॉडी रोटरच्या दिशेला सरकते, म्हणजे रिटार्ड. ठोकळा झिजला तर गॅप मिटत जाते, पॉइंट उशिरा उघडतो, तेही रिटार्डच. निवाडा करायला टायमिंग बसवल्या बसवल्या डिस्ट्रिब्युटरच्या मानेवर आणि ब्लॉकवर सलग एक ओरखडा काढून ठेवा. खूण मागे गेली आणि ओरखडाही तुटला तर दोष क्लॅम्पचा. ओरखडा जुळतोय आणि तरी खूण मागे, तर कॅप उघडा आणि गॅप मोजा.

क्लॅम्पच्या बाबतीत बहुतेक जण बोल्ट अजून जोरात आवळतात. तो आधीच पूर्ण आवळलेला असतो. वर्षानुवर्षं ताणून क्लॅम्पची दोन टोकं एकमेकांना टेकलेली असतात, मग बोल्ट फक्त टोकांवर दाब देतो आणि मान सैल ती सैलच. टोकांमध्ये फट दिसली पाहिजे. नसेल तर नवा क्लॅम्प घ्या, नाहीतर कानशीनं मिलिमीटरभर घासून फट करा. मानेवरचं तेल पेट्रोलनं पुसा. पत्र्याची पट्टी गुंडाळायचा जुगाड करू नका. बॉडी तिरकी बसते आणि नवीनच दुखणं लागतं.

ठोकळा झिजण्याचं कारण बहुधा कोरडा कॅम. डिस्ट्रिब्युटर ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं पुरे. चॅसिसचं ग्रीस उष्णतेनं पातळ होऊन पॉइंटवर उडतं आणि पॉइंट जळतो. नवा पॉइंट सुरुवातीला थोडा बसतोच, म्हणून ५०० किलोमीटरनंतर गॅप आणि टायमिंग दोन्ही परत बघायचं, याच क्रमानं. आधी टायमिंग आणि मग गॅप केली तर टायमिंगची मेहनत वाया.

दुसरी तऱ्हा: खूण एका जागी राहत नाही, दोन-तीन अंशांत थरथरते. या लाईटची खरी कमाई इथे आहे. एक नंबरवर वाचन घ्या, मग लाईटचा क्लॅम्प चार नंबरच्या वायरवर लावा. एक आणि चारचे पिस्टन एकत्र वर येतात, त्यामुळे चारची ठिणगीही त्याच खुणेवर दिसायला हवी. एकला ५ आणि चारला २ दाखवत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये (तो फिरतो त्या नळीत) हेलकावतोय, किंवा वाकलाय. बॉडी कितीही वेळा बसवा, ती जागा एका सिलिंडरला बरोबर आणि दुसऱ्याला चूक राहणार. रोटर काढून शाफ्ट आडवा हलवला की बोटाला खेळ कळतो, डायल गेजवर ०.००५ इंचाच्या वर गेला तर बुश बदला. फॉस्फर ब्रॉन्झचा बुश लेथवर कातून घेणार असाल तर आतून रीमर मारून घ्या. तेल पिणारा तयार बुश असेल तर रात्रभर तेलात बुडवून मग ठोका.

एक आणि चार जुळतात, तरी दोन्ही थरथरतात, मग संशय खाली न्या. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपाच्या शाफ्टवरून जीभ-खाचेनं फिरतो. ती जीभ, पंपाचा गिअर आणि इंजिनाच्या कॅमशाफ्टचा फायबर टायमिंग गिअर यांतला खेळ खुणेत उतरतो. नवा डिस्ट्रिब्युटर आणून इथे काहीच बदलत नाही. पंप काढलाच तर जिभेची दिशा रंगानं टिपून ठेवा. एक दात चुकला की बॉडी क्लॅम्पच्या टोकाला जाते आणि टायमिंग लागतच नाही.

तिसरी तऱ्हा: रेस दिली की खूण पुढे जाते, सोडली की पाचावर परतत नाही. वजनं गंजलीत किंवा स्प्रिंग ताणलंय. रोटर काढून खालच्या फेल्टवर तेलाचे दोन थेंब टाका. फरक पडला नाही तर पॉइंटची प्लेट उचलून वजनं साफ करा. स्प्रिंग दोन्ही सारख्या दिसत नसतील तर घाबरू नका, कित्येक डिस्ट्रिब्युटरमध्ये त्या मुद्दामच वेगळ्या असतात.

लाईटच्या उणिवा. डायल लखलखाट तितके अंश उशिरा करते, पण तिच्यावर डोळे झाकून विश्वास नको. डायल शून्यावर ठेवून पाचची खूण जुळवा, मग डायल पाचवर करा, खाच टीडीसीवर आली पाहिजे. दोन अंशांचा फरक निघाला तर डायल कायम शून्यावर ठेवून वापरलेली बरी. ६ व्होल्टच्या जुन्या जीपवर ही पेटत नाही, १२ ची वेगळी बॅटरी शेजारी ठेवावी लागते. प्लग वायरी एकमेकींना चिकटून असतील तर क्लॅम्प शेजारणीची ठिणगी पकडतो आणि खूण भलतीकडे उडी मारते. डिस्ट्रिब्युटरला शिव्या घालण्याआधी वायरी सुट्या करून बघा. एलईडीवाली भर उन्हात फिकी पडते, झेनॉनवाली त्या मानानं बरी. चिमट्यांच्या वायरी आखूड आहेत आणि खूण पंख्यामागे आहे, हा योग वाईट. लाईटखाली फिरता पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो. वायर, बाही, बोट, सगळं लांब.

अमेरिकन व्ही-८ ट्रकवर हीच लाईट वापरणाऱ्यांनी आधी पुली तपासावी. शेव्हर्लेच्या ३५० सारख्या इंजिनात बॅलन्सरची (पुलीमागच्या धक्के शोषणाऱ्या चाकाची) बाहेरची कडी रबरावर बसलेली असते. रबर सुकलं की कडी सरकते आणि डिस्ट्रिब्युटर जागच्या जागी असूनही खूण पळते. हरिकेनची पुली एकसंध, चावीवर (शाफ्टच्या खाचेतल्या पट्टीवर) बसलेली, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

महिन्यातून एकदा गाडी काढणाऱ्याला बिनडायलची साधी लाईटही पुरेल. एक आणि चारची तुलना तिच्यावरही होते आणि निम्मं निदान त्या तुलनेतच आहे. कोणतीही घ्या, लाईटचा क्लॅम्प मात्र जपा. आत फेराइटचे दोन तुकडे असतात, एकदा फरशीवर पडला की चिरतात, आणि त्यांच्या तोंडावर ग्रीस बसलं तरी फ्लॅश चुकायला लागतो.