मांजर घरात आहे, मग स्पायडर प्लांट लावू की होया?

आधी मनीप्लांट होता, पण त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, मांजराने चावलं की तोंडाची आग आणि लाळ सुरू, म्हणून तो दिला शेजारच्या काकूंना. आता हे दोन, दोन्ही मांजर-कुत्र्यांना विषारी नाहीत.

स्पायडर प्लांट म्हणजे बिनकटकटीचा, लांब दांड्यांवर पिल्लं लोंबायला लागतात, एक तोडून पाण्यात ठेवलं की मुळं फुटतात, फुकटात दुसरी कुंडी. पण तीच लोंबती पिल्लं आमच्या बोक्याला खेळणंच वाटतात, खिडकीत चढून पंजे मारतो, पानं कुरतडतो आणि मग सकाळी सोफ्यावर हिरवी उलटी 😅 विष नाही हो, जास्त गवत खाल्लं तरी हेच होतं. नळाच्या पाण्याने टोकं तपकिरी होतात ती वेगळीच.

होयाची पानं जाड, मेणासारखी, बोका एकदा हुंगून गेला तो परत फिरकलाच नाही. वाढतो मात्र गोगलगायीसारखा. पाणी माती सुकल्यावरच, नाहीतर मुळं कुजतात, उजेडही भरपूर लागतो. आणि फुलं गळल्यावर तो देठ कापू नका, पुढच्या वेळी तिथेच कळ्या येतात.

बोका चरणारा असेल तर होयाच घ्या, माझा स्पायडर आता छताच्या हुकाला आहे.