हाताने जर्नल बनवायचं ठरवलंय, पण बांधणी कोणती घ्यायची?

जर्नल स्वतः बनवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी कव्हरचा विचार करतात, मग कापड, लेस, बटणं, आणि पानं एकत्र धरणार कशाने हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. माझ्या मते क्रम अगदी उलटा पाहिजे. आत काय करणार आहात ते आधी ठरवा, त्यावरून कागद ठरतो, कागदावरून शिवण ठरते, आणि कव्हरची सजावट मग निवांत करता येते. दोन जर्नलं बाहेरून हुबेहूब सारखी दिसली तरी एकात फोटो चिकटवले की ते मिटायचंच बंद होतं आणि दुसरं पन्नास फोटो पोटात घेऊनही नीट बंद होतं, आणि हा सगळा फरक कण्याचा असतो, म्हणजे पानं जिथे शिवतात त्या कडेचा आणि तिथल्या शिवणीचा.

थोडा हिशोब करून बघा. १२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद साधारण ०.१५ मिमी जाड असतो. असे ४ कागद एकात एक घालून दुमडले की एक सिग्नेचर होते, म्हणजे एक जुडी. अशा ५ जुड्या घेतल्या तर २० कागद, म्हणजे ४० पानं, ८० बाजू, आणि दाबून जाडी भरते साधारण ६ मिमी. आता प्रत्येक पानावर फक्त एक फोटो चिकटवा. फोटोचा कागद पाव मिमीच्या आसपास असतो, म्हणजे ४० फोटोंचे १० मिमी वाढले. समोरची कड १६ मिमी झाली आणि कणा मात्र शिवताना जेवढा होता तेवढाच, ६ मिमी. मग जर्नल मिटत नाही, कोन करून उघडंच राहतं आणि मधले दोरे ताणले जातात. यात अजून पाकिटं, टॅग, वाळलेली फुलं आलेलीच नाहीत!

नुसतं लिहायचंय, थोडे स्टिकर, थोडी वॉशी टेप (सजावटीची कागदी चिकटपट्टी)

तर एका जुडीची तीन भोकांची शिवण घ्या आणि पुढचं सगळं वाचलं नाही तरी चालेल. ५-६ कागद, वर थोडा जाड कागद कव्हर म्हणून, घडीवर तीन भोकं. मधल्या भोकातून आतून बाहेर या, बाहेरून वरच्या भोकात आत जा, आतल्या बाजूने मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन टोकं आत आलीत, त्यांच्यामधून तो लांब टाका जायला हवा, म्हणजे एक टोक टाक्याच्या डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि मग टाक्यावरून गाठ. दोन्ही टोकं एकाच बाजूला राहिली तर शिवण सैल पडते. दोरा कण्याच्या उंचीच्या अडीच-तीन पट पुरतो. अर्ध्या तासात वही हातात येते.

मर्यादा एकच, जाडी. पानं वाढवत गेलात की आतली पानं बाहेर सरकतात आणि समोरची कड पायरीसारखी दिसते, ती कापून सारखी करावी लागते. पण सुरुवात करणाऱ्याने हिला कमी लेखू नये, कारण घडी नीट घालणं, भोकं एका रेषेत पाडणं, दोरा ताणणं या तीनही गोष्टी इथेच हातात बसतात आणि पुढच्या सगळ्या शिवणींना त्याच लागतात.

कॉप्टिक की लाँग स्टिच, खरी अडचण इथे

जाड, अनेक जुड्यांचं जर्नल हवं असेल तर शेवटी निवड या दोघांतच येऊन थांबते.

कॉप्टिक ही इजिप्तमधल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची, म्हणजे कॉप्टांची बांधणी, म्हणून ते नाव. प्रत्येक जुडी मागच्या जुडीच्या टाक्यात सुई अडकवून जोडत जायची, त्यामुळे कण्यावर वेणीसारखी साखळी दिसते. कणा उघडा, वर कापड नाही, कव्हर म्हणजे पुढे-मागे दोन सुटे पुठ्ठे. हिचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कुठलंही पान उघडा, १८० अंशात सपाट पडतं. दोन पानांवर पसरलेलं चित्र काढायचं असेल, वॉटरकलर करायचं असेल, किंवा डावीकडच्या पानावर लिहिताना हात घसरू नये असं वाटत असेल, तर हिला तोड नाही. जाड कागदासाठीही हीच बरी. ३०० जीएसएमचा वॉटरकलर कागद चार-चार एकात एक दुमडता येत नाही, एक किंवा दोनच घ्यावे लागतात, म्हणजे जुड्या भरपूर होतात, आणि भरपूर जुड्या नीट जोडून ठेवणं हेच तर कॉप्टिकचं काम. असा जाड कागद दुमडायच्या आधी घडीच्या रेषेवर बोथट टोकाने दाबून रेघ ओढून घ्या, नाहीतर घडीवर कागदाचे तंतू तुटलेले दिसतात.

पण कष्ट आहेत. दोरा लांब लागतो, गुंततो, आणि ताण पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा ठेवावा लागतो. दोरा ओढताना नेहमी घडीच्या दिशेने ओढायचा, आपल्याकडे सरळ खेचायचा नाही, सरळ खेचला की भोक चिरतं आणि एकदा चिरलेलं भोक परत घट्ट बसत नाही. मेण लावलेला लिननचा दोरा घ्या, मेणामुळे टाका जागच्या जागी राहतो. साध्या दोऱ्यावर मेणाचा तुकडा दोन-तीनदा फिरवून घेतला तरी चालतं. पुठ्ठा २ ते २.५ मिमीचा. आणि पुठ्ठ्याला एकाच बाजूने कागद किंवा कापड चिकटवलंत तर तो त्या बाजूला वाकणार म्हणजे वाकणारच, कारण कागद ओला असताना फुगतो आणि वाळताना आक्रसून पुठ्ठ्याला ओढतो. आतल्या बाजूनेही कागद लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा, की दोन्हीकडून ओढ सारखी होते.

लाँग स्टिचमध्ये कव्हर एकसंध असतं, चामडं, जाड कापड, फेल्ट, काहीही, आणि जुड्या थेट त्या कव्हरच्या कण्यातूनच शिवायच्या. बाहेरून लांब लांब टाके दिसतात आणि त्यांच्यातच दुसरा रंगीत दोरा विणता येतो, मणी ओवता येतात, म्हणजे सजावट बांधणीतच होऊन जाते. शिकायला कॉप्टिकपेक्षा सोपी, कारण जुड्या एकमेकींना अडकवायच्या नसतात, प्रत्येक जुडी आपली आपली कव्हरला धरलेली असते.

आणि म्हणूनच कोलाज, फोटो, तिकिटं, पाकिटं असलं सगळं चिकटवणाऱ्यांना मी कायम लाँग स्टिचच सुचवते. कॉप्टिकमध्ये जुड्या एकमेकींना चिकटून बसतात, मधे जागा सोडताच येत नाही. लाँग स्टिचमध्ये कव्हरवर भोकांच्या ओळी किती अंतरावर पाडायच्या हे तुमच्या हातात आहे. पाच जुड्या, प्रत्येकीमध्ये ५ मिमी मोकळी जागा, म्हणजे कणा साधारण २५ मिमी. रिकामं असताना हे जर्नल ढिलं आणि जरा विचित्र दिसतं, पण वरचा १६ मिमीचा हिशोब आठवा, ते भरत जाईल तसं नीट अंगात बसत जाईल. उघडताना कॉप्टिकइतकं सपाट पडत नाही, कव्हर जाड चामड्याचं असेल तर सुरुवातीला अडतं, ते मान्य.

कॉप्टिकच हवी आणि फोटोही हवेत, तर एक मार्ग आहे. प्रत्येक जुडीतली एक-दोन पानं कापून टाका, पण घडीपासून दीड-दोन सेंमीची पट्टी ठेवून. घडीवरच कापलंत तर त्या कागदाचं दुसरं अर्धं पान सुटतं. त्या पट्ट्यांमुळे कण्याला जाडी मिळते आणि चिकटवलेल्या गोष्टींना जागा.

जपानी शिवण, रिंग, इलॅस्टिक

जपानी शिवण दिसायला फार सुंदर, चार भोकांची साधी असो की कासवाच्या पाठीची नक्षी असो, पण रोजच्या जर्नलला मी घेणार नाही. भोकं पानाच्या कडेला पाडतात, त्यामुळे कण्याकडची दीड-दोन सेंमी जागा जाते आणि जाड कागद असेल तर पान पूर्ण उघडतच नाही, हाताने धरून ठेवावं लागतं. जुन्या जपानी पुस्तकांत ती चालायची कारण कागद पातळ आणि लवचीक. एका कामाला मात्र हीच योग्य, आधीच रंगवलेले सुटे कागद एकत्र करायला, कारण इथे घडी लागतच नाही.

रिंग किंवा डिस्कमध्ये (पानांच्या कडेच्या खाचांत अडकणाऱ्या चकत्या) पानं काढता घालता येतात, क्रम बदलता येतो, फुगण्याचा त्रास नाही. पण लिहिताना हाताला रिंग लागते आणि दोन पानांवरचं चित्र मधोमध तुटतं.

इलॅस्टिकची पद्धत जपानच्या मिदोरी या ब्रँडने २००६ मध्ये ट्रॅव्हलर्स नोटबुक आणलं तेव्हापासून खूप पसरली. एक चामड्याचं कव्हर, कण्यात ताणलेलं इलॅस्टिक, आणि त्यात ११० × २१० मिमीच्या पातळ वह्या अडकवायच्या. ज्यांना एकच गोष्ट शेवटपर्यंत टिकवता येत नाही, म्हणजे आज डायरी, उद्या स्केच, परवा याद्या, त्यांच्यासाठी हे खरंच उत्तम आहे, कारण वर सांगितलेल्या तीन भोकांच्या वह्या स्वतः शिवून त्यात घालता येतात आणि एक भरली की तेवढीच बदलायची. तीन-चारच्या वर वह्या कोंबल्या की मात्र कव्हर फाकतं.

आणि शिवायचंच नसेल, फक्त सजवायचं असेल तर तयार वही घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त साध्या वहीचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, रंग किंवा ग्लू लावला की तो सुरकुततो, म्हणून दोन-दोन पानं एकमेकांना चिकटवून एक जाड पान करा आणि मधली काही कापून जागा करा.

कागदाची दिशा

हे बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात, म्हणून मी जरा जास्त लिहिते. मशीनवर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेने पडलेले असतात. घडी त्या दिशेला समांतर घातली तर स्वच्छ पडते, आडवी घातली तर तडकते, फुगते, आणि ग्लू लावल्यावर पानं कण्याजवळ लाटेसारखी होतात. म्हणून दिशा कायम कण्याला समांतर पाहिजे. बघायचं कसं, तर कागद न दुमडता हलका वाकवून तळहाताने दाबा, दोन्ही बाजूंनी करा, जिकडे कमी विरोध होतो ती घडीची दिशा. साध्या ए४ मध्ये तंतू बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे तो मधोमध दुमडून ए५ केला की दिशा नेमकी चुकीची येते. उपाय सोपा आहे, लांबीच्या दिशेने तंतू असलेला ए३ घ्या आणि मधोमध कापून दोन ए४ करा, आता हे ए४ दुमडले की दिशा बरोबर कण्याला समांतर येते.

आधी रंगवायचं की आधी शिवायचं

ओलं काम, म्हणजे वॉटरकलर, ॲक्रिलिक, इंक, हे पूर्ण पानभर करणार असाल तर सुटे कागद आधी रंगवा, वजनाखाली सपाट करा, मग शिवा. शिवलेल्या वहीत एक पान भिजलं की शेजारचंही वाकडं होतं. रोज थोडं थोडं करणार असाल तर अर्थातच आधी शिवणार, मग कागद निदान १६० जीएसएमचा तरी घ्या. ॲक्रिलिक वाळल्यावरही समोरासमोरची दोन रंगवलेली पानं दाबाखाली एकमेकांना चिकटतात आणि उघडताना रंग सोलून येतो, त्यामुळे मधे बटर पेपर ठेवा किंवा रंगावर पांढरं मेण हलकं घासून घ्या.

चिकटवण्याचं म्हणाल तर पांढरा पीव्हीए ग्लू कव्हर आणि पुठ्ठ्याला, कारण वाळल्यावर लवचीक राहतो. आतल्या पातळ कागदांना ग्लू स्टिक, कारण त्यात पाणी कमी आणि सुरकुत्या पडत नाहीत. पारदर्शक सेलोटेप शक्यतो नकोच, काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग सोडते. वर्तमानपत्राचं कात्रणही पिवळं पडतंच. तिकिटं, पावत्या थर्मल कागदाच्या असतील तर अक्षरं पुसट होत जातात, त्यांची लेझर प्रिंटवर कॉपी काढून ती चिकटवा. इंकजेटची प्रिंट ग्लूने किंवा रंगाने पसरू शकते.

आता साइज. ए६ हातात छान बसतो, पान पटकन भरतं, पण ४ × ६ इंची फोटो म्हणजे १०२ × १५२ मिमी आणि ए६ म्हणजे १०५ × १४८, त्यामुळे फोटो वरून ४ मिमी बाहेर राहतो. फोटो असणार असतील तर ए५ घ्या, १४८ × २१० मध्ये फोटो बसून खाली लिहायला जागा उरते. पोस्टकार्ड, छोटी चित्रं, दोन ओळींची रोजची नोंद एवढंच असेल तर ए६, आणि पहिलं जर्नल असेल तर तेही तीन भोकांचंच.