संगीतकाराचे नाव लावून ऐकताना

जुन्या हिंदी चित्रपटगीतांनी आधीच भरलेला, ट्रान्झिस्टरच्या घाटाचा एक संच गेले तीन महिने माझ्या वापरात आहे. तो घेताना मला त्यातील एकाच सोयीची ओढ होती: गायक आणि नायक-नायिकांबरोबरच संगीतकारांच्या नावानेही त्यात गाणी लावता येतात. आपण ‘लताबाईंचे गाणे’, ‘रफींचे गाणे’ असेच म्हणत आलो. चाल ज्याला सुचली त्याचे नाव मागाहून, आठवलेच तर येते. ही सवय मोडण्याचे काम हा संच फार चांगले करतो.

ओ. पी. नय्यर यांची गाणी सलग ऐकली, की गीता दत्त, शमशाद बेगम, आशा भोसले असे आवाज येत राहतात आणि लताबाईंचा आवाज एकदाही येत नाही. ही गोष्ट ठाऊक असणे वेगळे आणि तासभर कानांनी अनुभवणे वेगळे. सी. रामचंद्र यांच्या यादीत ‘अलबेला’मधील (१९५१) पाश्चात्त्य वाद्यांचा जल्लोष ओसरतो न ओसरतो तोच ‘अनारकली’मधील (१९५३) लताबाईंची आर्त सुरावट सुरू होते, आणि पुणतांब्याच्या या माणसाचा आवाका केवढा होता ते कळते. मात्र याच ठिकाणी संच चुकतो. गायकांच्या यादीतील ‘चितळकर’ आणि संगीतकारांच्या यादीतील ‘सी. रामचंद्र’ ही एकच व्यक्ती आहे, हे नव्या श्रोत्याला कुठेच समजत नाही.

मदन मोहन यांच्यासाठी मी एक पूर्ण संध्याकाळ दिली. त्यांच्या गझलांत शब्द संपल्यावर सतार जे बोलते, ते रईस खाँ यांच्या हातचे कित्येकदा गाण्याच्या मुखड्याइतकेच लक्षात राहते. परंतु वादकांची नावे संचात नाहीत, पुस्तिकेतही नाहीत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनांच्या भरगच्च ताफ्यामागे सेबॅस्टियन डिसूझा यांचे वाद्यवृंद-संयोजन आहे, तालामागे दत्ताराम आहेत. ज्या ठेक्याला वादक आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात, त्याच्या जनकाचा उल्लेख एका ओळीतही नसावा याचे मला वाईट वाटले. संगीतकाराला त्याचे श्रेय द्यायचे ठरवल्यावर त्याच्या सहकाऱ्यांना वगळणे योग्य नाही.

निवडीविषयी थोडक्यात सांगायचे, तर नौशाद, सचिनदेव बर्मन आणि शंकर-जयकिशन यांना भरपूर जागा मिळाली आहे. सज्जाद हुसेन, वसंत देसाई, जयदेव यांच्या वाट्याला मात्र मोजकीच आणि सर्वपरिचित गाणी आली आहेत.

माझी मोठी तक्रार ध्वनीविषयी आहे. ‘महल’मधील (१९४९) खेमचंद प्रकाश यांच्या ‘आएगा आनेवाला’ या गाण्याच्या प्रारंभी आवाज दुरून येतो आणि हळूहळू जवळ येतो. त्या काळी हा परिणाम यंत्राने साधलेला नव्हता. लताबाई मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गात गात पावलापावलाने त्याच्याजवळ आल्या होत्या. या संचातील बहुतेक जुन्या ध्वनिमुद्रणांवर कृत्रिम घुमारा चढवला आहे, आणि त्यामुळे नेमके हेच अंतर पुसले जाते: दूरचा सूर आणि जवळचा सूर सारख्याच पोकळीतून आल्यासारखे वाटतात. एका गायिकेने स्वतःच्या पावलांनी निर्माण केलेली खोली आपण आज एका कळीने सपाट करावी, हे मला सहन झाले नाही. सुदैवाने संचात ध्वनीच्या तीन मांडण्या आहेत आणि त्यांपैकी ‘साधा’ या मांडणीत घुमारा बराच कमी होतो. तबकडीची खरखर थोडी वाढते, पण सारंगी आणि तबला आपापल्या जागी ऐकू येतात. संच घरी आणल्यावर पहिल्यांदा हीच मांडणी निवडावी.

बॅटरी एका भारणात साधारण पाच तास पुरते आणि कळा मोठ्या असल्याने वृद्धांनाही त्रास होत नाही. ज्यांना गाणी तोंडपाठ आहेत, पण ती कोणाकोणाची हे कधी नीट लक्षात आले नाही, त्यांनी हा संच अवश्य घ्यावा. ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या चांगल्या स्थितीत आहेत, त्यांनी मात्र त्या जपून ठेवाव्यात आणि हा संच केवळ सूचीसारखा वापरावा.