ठाण्यात नौपाड्यातला, बॉम्बस्फोट-दंगली भोगलेल्यांचा शनिवारचा आधारगट: जखमींच्या यादीत नाव नसलं तरी आत घेतात

पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते पुढे येईलच. आठ महिने जवळजवळ दर शनिवारी जाऊन मग लिहितेय, आणि गटातल्या एका काकांबद्दल जे लिहिलंय ते त्यांना विचारून लिहिलंय.

आधी माझं सांगते, नाहीतर कळणार नाही मी एवढं का लिहितेय ते. १३ मार्च २००३ च्या संध्याकाळी मी कर्जत लोकलमध्ये होते. गाडी मुलुंड स्टेशनात शिरत होती आणि शेजारच्या फर्स्ट क्लास लेडीजमध्ये स्फोट झाला. आदल्याच दिवशी ९३ च्या स्फोटांना दहा वर्षं झालेली म्हणून ऑफिसात दिवसभर तोच विषय होता. मी पार्टिशनच्या अलीकडे, सेकंड क्लासात. हातावर ओरखडे आणि कानात शिट्टी, बास. दवाखान्यात कान बघितला, ड्रेसिंग केलं, घरी सोडलं. सासूबाईंनी दृष्ट काढली, देवापुढे साखर ठेवली आणि मग सगळ्यांचं एकच, देवाने वाचवलं ना, आता विसर. वाईट हेतूने कोणीच म्हणालं नाही. पण जखमींच्या यादीत नाव नाही, घरातलं कोणी गेलेलं नाही, मग मला काय झालंय हे मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार होते? दीड वर्ष कशीबशी लोकलने गेले, मग फोर्टची नोकरी सोडून वागळे इस्टेटमध्ये कमी पगारावर लागले. घरी सांगितलं मुलगी लहान आहे म्हणून.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाम झालं. २६ माणसं गेली, त्यातली तिघं डोंबिवलीची, एक पनवेलचे. डोंबिवली म्हणजे आपल्याला शेजारच, टीव्हीवर ती गर्दी, ते आक्रोश, आणि माझी झोप जी उडाली ती उडालीच. भाजी चिरताना कुकरची शिट्टी झाली की सुरी हातातून पडायची. बावीस वर्षांनी! एका रात्री अडीच वाजता मुलीने १४४१६ लावून फोन माझ्या हातात दिला. ही सरकारची टेली मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्या बाईंनी वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या जवळपास समोरासमोर बसून बोलता येईल अशी जागा शोधा. मग मैत्रिणीने हा गट सांगितला.

आता गटाबद्दल. बॉम्बस्फोट, गोळीबार, दंगल असं ज्यांनी भोगलंय किंवा ज्यांच्या घरचं माणूस त्यात गेलंय अशांसाठी आहे, शनिवारी पाच ते साडेसहा, दहा-बारा जण असतात. एक सायकॉलॉजिस्ट ताई आणि दोन ट्रेनिंग घेतलेले स्वयंसेवक. गटाला पैसे नाहीत, एकेकट्याने बसायचं असेल तर तुमच्या ऐपतीप्रमाणे फी.

पहिल्या दिवशी मी पिशवीत पेपरातलं जुनं कात्रण नेलं होतं, पुरावा म्हणून. वाटलं विचारतील तुम्ही खरंच होतात का तिथे. ताईंनी कात्रण बघितलंच नाही. झोप किती लागते, जेवण जातं का, घरी कोण कोण आहे, आत्ता इथे बसायला कुठे बरं वाटेल, एवढंच विचारलं. मी दाराजवळची खुर्ची घेतली, दाराकडे तोंड करून. कोणी काही म्हणालं नाही. काय घडलं ते सांगा असं चौथ्या शनिवारपर्यंत कोणीच म्हणालं नाही आणि चौथ्या शनिवारी मी आपणहून बोलले. नंतर ताईंना विचारलं की असं का, तर म्हणाल्या की अशा घटनेनंतर माणसाला एका बैठकीत बसवून सगळं ओकायला लावणं जागतिक आरोग्य संघटनासुद्धा नको म्हणते, त्याने त्रास वाढूही शकतो. त्या संघटनेची २०११ ची पुस्तिका आहे, त्यात आधी बघा, मग ऐका, मग योग्य मदतीशी जोडून द्या एवढंच मुख्य आहे. आपल्याकडे बरोबर उलटं, माणूस स्ट्रेचरवर असतो आणि तोंडासमोर माइक.

बैठकीत बातम्यांच्या क्लिप दाखवायच्या नाहीत आणि गटावर फॉरवर्ड करायच्या नाहीत हा नियम कडक आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त आवडला. कुठल्याही जातीधर्माला शिव्या द्यायला लागलं कोणी तर ताई तिथेच थांबवतात. गटात सगळे आहेत, एकाच बाकावर बसतात.

काका भाईंदरहून येतात, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून दीड-दीड तास बसने. ११ जुलै २००६ ला वेस्टर्नच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत सात स्फोट झाले, त्यातल्या एका गाडीत होते, उजव्या कानाचा पडदा गेला, समोर बसणारा पंधरा वर्षांचा ट्रेनमित्र गेला. २०१५ ला खालच्या कोर्टाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली तेव्हा काकांनी पेढे वाटले नव्हते पण कपाटातली फाइल बांधून माळ्यावर टाकली होती. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्या शनिवारी काका आले, चपला काढल्या, बसले आणि म्हणाले, मग केलं कोणी? परत म्हणाले, नाही, मला एवढंच सांगा, केलं कोणी. पंख्याचा आवाज येत होता फक्त. ताई काही बोलल्या नाहीत, निकाल बरोबर की चूक यात कोणी गेलंच नाही. चहा आला तेव्हा स्वयंसेवक मुलाने त्यांचा कप डाव्या बाजूला ठेवला कारण उजवीकडून बोललेलं त्यांना ऐकू येत नाही आणि मग तो तिथेच डाव्या बाजूला बसून राहिला. त्या दिवशी बैठक साडेसातपर्यंत चालली. प्रकरण आता सुप्रीम कोर्टात आहे, काका येतात अजून.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक वकीलबाई येतात, फुकट सल्ला. ज्यांच्या घरात असं काही झालंय त्यांनी हे वाचाच. लोकलमध्ये हल्ला झाला आणि माणसाकडे तिकीट किंवा पास होता तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते, चूक रेल्वेची आहे हे सिद्ध करावं लागत नाही, मृत्यूसाठीची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ४ लाखांवरून ८ लाख झालीय, पण अर्ज वर्षाच्या आत करायचा. दहशतवादी हल्ल्यातल्या सामान्य नागरिकांसाठी केंद्राची वेगळी योजना आहे, ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मिळते, त्यात २०१६ मध्ये ३ लाखांचे ५ लाख झाले. आणि कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही पीडितांसाठी योजना असते, तिथे आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर, असं गटातले निम्मे लोक म्हणतात.

औषधांची गरज वाटली तर ताई स्पष्ट सांगतात आणि डॉक्टरकडे पाठवतात. आपण ठाणेकर लहानपणापासून "तुला ठाण्याला पाठवायला पाहिजे" हे ऐकत मोठे झालोय, १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे म्हणून. त्या एका वाक्याने किती जणांना गप्प बसवलंय हे मला इथे येऊन कळलं. मी तीन महिने गोळ्या घेतल्या, लपवून नाही.

आणि माझी लोकल. ताईंनी एकदम गाडीत नाही बसवलं. आधी नुसतं तिकीट खिडकीपर्यंत, मग पुलावर पाच मिनिटं, मग प्लॅटफॉर्मवर दोन गाड्या सोडायच्या. डिसेंबरात पाच रुपयांचं मुलुंडचं तिकीट काढलं, दुपारची स्लो, ताई शेजारी. एकच स्टेशन, चार-पाच मिनिटं. कोपरी मागे पडलं तसे माझे तळवे भिजले, ताईंनी हात धरला नाही, म्हणाल्या खिडकीतून काय दिसतंय ते सांगत राहा. मी वाळत घातलेले कपडे मोजत गेले. मुलुंडला उतरले, बाकावर बसून खूप रडले आणि परत ठाण्याला गाडीनेच आले.

आता कापलेला स्टार. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. ज्या गटात पायात रॉड घातलेली माणसं येतात त्याची जागा तळमजल्यावर नको? एक बाई कठडा धरून पायरी पायरी चढतात ते बघवत नाही. दुसरं, गणपतीआधी खालच्या मैदानात ढोलताशाची प्रॅक्टिस असते, त्याच वेळेला बैठक ठेवली आणि एक मुलगा थरथरत निघून गेला तो महिनाभर आलाच नाही. मी बोलले, तर दिवाळीत बैठक सकाळी आठला घेतली, सुतळी बॉम्ब सुरू व्हायच्या आत. ऐकतात म्हणून बरं. एकट्याने बसायच्या सेशनला मात्र तीन आठवडे थांबावं लागतं, ते जास्तच आहे.

यायचं असेल तर पावणेपाचला या, पहिल्यांदा येणाऱ्याशी ताई आधी वेगळं बोलतात. कागद काही आणू नका. एकट्याने येववत नसेल तर कोणाला तरी सोबत घ्या, सोबतच्या माणसाला बाहेर जिन्यातल्या बाकावर बसवतात आणि चहा देतात, माझा नवरा पहिले सहा शनिवार तिथेच पेपर वाचत बसला होता.