जीएम तपासणीची पट्टी : काही महिने वापरल्यानंतर

पानाचा छोटा तुकडा, थोडा द्रव आणि कागदी पट्टी. झाडात बाहेरून घातलेलं जनुक (असं झाड म्हणजे जीएम) काम करतंय की नाही, हे एवढ्यावर पाच-दहा मिनिटांत कळतं. पेरणीआधी बियाणं आणि नंतर उभं पीक, दोन्ही या पट्ट्यांवर तपासून पाहिलं. कच्च्या पानासाठी आणि दाण्यासाठी याहून सोयीचं साधन नाही. मात्र पट्टी जनुक शोधत नाही, त्या जनुकामुळे तयार होणारं प्रथिन शोधते. हे पक्कं ठाऊक नसेल तर निकाल वाचताना हमखास गल्लत होते.

पट्टीच्या तळाशी नमुना शोषून घेणारा पॅड असतो. त्याच्या वर सोन्याचे सूक्ष्म कण जोडलेली प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनाला ओळखून चिकटणारे रेणू) आणि पुढे नायट्रोसेल्युलोजचा पडदा. पडद्यावर खालची रेषा चाचणीची, वरची नियंत्रणाची. दोन्ही उमटल्या तर प्रथिन आहे, फक्त वरची उमटली तर नाही. वरची उमटलीच नाही तर ती पट्टी बाद, मग खाली काहीही दिसो.

पानाची पद्धत सोपी आहे. नळीचं तोंड आणि झाकण यांच्यामध्ये पान धरून झाकण दाबलं की गोल चकती आत पडते. अशा दोन चकत्या पुरतात. प्लास्टिकच्या दांडीने वीस-तीस सेकंद घोटायचं, किटमधलं बफर (प्रथिन विरघळवून घेणारा द्रव) घालायचं (बहुधा अर्धा मिली, पण पत्रकातलं माप प्रमाण), पुन्हा घोटायचं आणि पट्टी उभी सोडायची. तळाचा जेमतेम अर्धा सेंटिमीटर भाग बुडू द्यावा. जास्त बुडाली तर प्रतिपिंडं पडद्यावर चढण्याऐवजी द्रवातच उतरतात आणि निकाल बिघडतो. चकती नुसती चुरडून चालत नाही, द्रव हिरवा झाला पाहिजे.

पान वरचं, कोवळं पण पूर्ण उघडलेलं घ्यावं. बीटी कपाशीत, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं प्रथिन बनवणाऱ्या जीएम कपाशीत, झाड जुनं होत जातं तसं त्या प्रथिनाचं (क्राय१एसी) प्रमाण घटतं. बोंडं भरताना तळाच्या जून पानावर फिकट रेषा आली म्हणून बियाणं बोगस ठरवू नये. फिकट रेषा हीसुद्धा ‘आहे’च. रेषेच्या गडदपणावरून झाडाची अळीला रोखण्याची ताकद मोजायला जाऊ नये, त्यासाठी ही पट्टी बनवलेलीच नाही. उलट अर्क फार दाट आणि प्रथिन अति झालं तरीही रेषा फिकी पडते, कारण मोकळं प्रथिन रेषेवरच्या जागा आधीच अडवून बसतं. शंका आली तर तोच अर्क बफरमध्ये दहापट पातळ करून नवी पट्टी लावावी.

बियाण्याच्या बाबतीत आधी प्रश्न ठरवा. ‘सगळे दाणे बीटी आहेत का?’ असा प्रश्न असेल तर एकेक दाणा वेगळा तपासावा लागतो. मूठभर एकत्र दळले तर त्यात एकच बीटी दाणा असला तरी रेषा येऊ शकते. एकच पालक बीटी असलेल्या संकरित वाणाची सरकी घरी राखून पेरली, तर साधारण चारातला एक दाणा बीटीविना निघतो. ही फूट एकेका दाण्याच्या तपासणीतच दिसते.

‘साध्या बियाण्यात जीएमची भेसळ आहे का?’ हा प्रश्न असेल तर मात्र एकत्र दळणंच बरोबर. भेसळ 1 टक्का असेल तर ती 95 टक्के खात्रीने सापडायला 299 दाणे लागतात, 0.1 टक्क्यासाठी जवळपास 3000. शंभर-शंभरचे तीन गट करा, पण शंभरात एक दाणा ओळखण्याची क्षमता त्या पट्टीत आहे का, हे पत्रकात आधी पाहा. नमुना पोत्याच्या वरून न घेता वेगवेगळ्या थरांतून घ्यावा. खरी मेहनत इथे आहे, पट्टी लावणं शेवटचं आणि सोपं काम.

औषध-रंग लावलेलं बियाणं आधी धुऊन घ्यावं, नाहीतर रंग पडद्यावर चढून गुलाबी रेषा झाकतो. सोयाबीन दळल्यावर चोथा तळाला बसू द्यावा आणि वरचा निवळ द्रवच वापरावा, नाहीतर पॅड चोंदतो. दोन नमुन्यांच्या मध्ये मिक्सरचं भांडं नीट धुऊन कोरडं केलं नाही तर आधीच्या नमुन्याची पूड पुढच्याला ‘जीएम’ ठरवते.

आता मर्यादा. तेल, साखर, भाजलेले किंवा शिजवलेले पदार्थ यांवर ही पट्टी वाया घालवू नका. तेल-साखरेत प्रथिन जवळपास उरत नाही, आणि उष्णतेने प्रथिनाचा आकार मोडला की प्रतिपिंडं त्याला ओळखत नाहीत. तिथे डीएनए शोधणारी पीसीआर चाचणीच हवी. 2000 साली अमेरिकेत फक्त पशुखाद्यासाठी मंजूर असलेला स्टारलिंक मका माणसांच्या खाण्यात सापडला, तेव्हा कोठारांवर कच्चा मका तपासायला क्राय९सीच्या (त्या मक्यात घातलेल्या प्रथिनाच्या) पट्ट्या कामी आल्या. तयार पदार्थांत तो पीसीआरनेच पकडला होता.

शिवाय एक पट्टी एकच प्रथिन पाहते. तणनाशक-सहनशील मक्याचं उदाहरण घ्या: एनके६०३ नावाच्या जीएम मक्यात तणनाशक सोसू देणारं सीपी४ ईपीएसपीएस हे प्रथिन आहे, जीए२१ या दुसऱ्या जीएम मक्यात मक्याचंच बदललेलं ईपीएसपीएस. सीपी४ची पट्टी जीए२१ला सरळ सोडून देते. म्हणून कोरी पट्टी पाहून ‘जीएम नाही’ असं लिहू नये, ‘अमुक प्रथिन आढळलं नाही’ एवढंच लिहावं. जनुक-संपादित (झाडाचंच जनुक जागेवर बदललेल्या) वाणात बाहेरचं प्रथिन बहुधा नसतंच, तिथे ही पट्टी काहीच सांगत नाही.

साठवण फ्रिजमध्ये करत असाल तर डबी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. गार डबी उघडली की आत दव धरतं आणि पट्ट्या दमट होतात. ओलावा शोषणारी पुडी आतच राहू द्यावी, पट्टी काढली की झाकण लगेच लावावं. निकाल पत्रकात दिलेल्या वेळेतच वाचावा. वाळल्यावर उमटणारी पुसट रेषा धरू नये. नोंद ठेवायची असेल तर वाचून झाल्याबरोबर तळाचा ओला पॅड कापून टाकावा, नाहीतर द्रव चढत राहतो. मग पट्टी वाळवून, तारीख आणि लॉट नंबर लिहून वहीत चिकटवावी.