चालू टाकी उचलावी की रिकामी काच?

समुद्री मासे पाळायची खाऱ्या पाण्याची जुनी टाकी विकायला निघते ती बहुधा तीन कारणांनी: बदली, बाळ किंवा वीजबिल. चौथं कारण विकणारा सांगत नाही. आत काही जगत नाही, म्हणून तो कंटाळलेला असतो.

घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. चालू सेटअप दगड, वाळू, माशांसकट उचलायचा, नाहीतर काच, स्टँड, पंप एवढंच घेऊन आतला समुद्र स्वतः उभा करायचा. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मी हे दोन्ही करून बसलोय. पुढचं सगळं ६० × ४५ × ४५ सेंटीमीटरच्या टाकीच्या हिशेबाने लिहितो. मापाने ती १२१ लिटरची, पण दगड-वाळू घालून वर थोडी जागा सोडली की पाणी मावतं साधारण १०० लिटर. याहून लहान टाकी दुकानात स्वस्त दिसते, पण नवख्याने तिच्या नादी लागू नये. पाणी जितकं कमी, तितकी चूक लवकर अंगाशी येते.

काच आणि सामान

इथे रिकामी टाकी सरळ पुढे आहे, कारण ती तपासता येते. सपाट जमिनीवर थर्माकोलची शीट, वर वर्तमानपत्र, त्यावर टाकी. साध्या पाण्याने काठोकाठ भरायची आणि तीन दिवस ठेवायची. कागद ओला झाला की सौदा रद्द. आतल्या कडांचं सिलिकॉन नखाने हलकं ओढून बघा. शेवाळं खरवडताना पात्याने सगळ्यात आधी तळाजवळची कड कापली जाते. चालू टाकीत नेमकी तीच कड वाळूखाली असते, त्यामुळे तिथे विकणाऱ्याच्या शब्दावरच भिस्त.

स्किमर (फेसातून पाण्यातली घाण ओढून काढणारं यंत्र) आणि पंप जुने चालतात. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवले की चढलेला चुना निघतो. हीटर मात्र जुना घेऊ नका. मुंबईत तो लागतच नाही, पुण्या-नाशिकच्या थंडीत लागतो आणि बंदच न होणारा, अडकलेला जुना हीटर रातोरात मासे शिजवतो. स्टँडला खाली वाकून बघा: प्लायवूड फुगलंय का, लोखंडाला पापुद्रे सुटलेत का. वर दीडशे किलोंहून जास्त वजन यायचंय.

दगड, म्हणजे खरा सौदा

टाकीची किंमत काचेत नसते, दगडात असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू मुख्यतः दगडाच्या छिद्रांत राहतात, पाण्यात फारसे नाहीत. दोन वर्षं नीट चाललेल्या टाकीतला दहा-बारा किलो दगड हातात आला, तर तुम्ही विकणाऱ्याची दोन वर्षं विकत घेतलीत. कोरड्या दगडावर हीच वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस रिकाम्या टाकीत अमोनिया घालून टेस्ट किटच्या नळ्या हलवत बसायचं. घरचे विचारतात, मासे कुठायत? सांगायला काही नसतं.

मग चालूच घ्यावी, असं वाटेल. पण दोन वर्षांबरोबर विकणाऱ्याची पापंही येतात, आणि त्यांतलं सगळ्यात वाईट म्हणजे तांबं. माशांना पांढरे ठिपके आले की तांब्याचं औषध घालणारे बरेच आहेत. मासे त्यातून वाचतात, पण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. चुनखडीच्या दगडात आणि वाळूत तांबं मुरतं आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरत राहतं. पाण्याच्या चाचणीत एखाद्या दिवशी ते दिसेलच असं नाही. माझ्या पहिल्या चालू टाकीत मी दोन क्लीनर श्रिम्प, म्हणजे कोळंबीच, सोडले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही आडवे. फोन केल्यावर उत्तर मिळालं, “हो, मागे एकदा औषध घातलं होतं, पण पाणी बदललंय ना नंतर!”

तेव्हापासून मी टाकी बघायला गेलो की मासे शेवटी बघतो. आधी शोधतो कोळंबी, गोगलगाय, हर्मिट खेकडा (शंखात राहणारा). यांतलं काही महिनोन्‌महिने तिथे सुखाने जगतंय, तर तांब्याची भीती मिटली आणि चालू टाकी घ्यावी. नुसतेच मासे दिसले आणि “श्रिम्प काय, टिकत नाहीत आमच्याकडे” असं ऐकू आलं, तर काच घ्या आणि दगड त्यालाच राहू द्या.

हलवाहलव

रिकामी टाकी दोन माणसं रिक्षा-टेंपोत टाकून आणतात. चालू टाकी हलवणं म्हणजे लग्नाचं वऱ्हाड. झाकणाच्या बादल्या हव्यात, बॅटरीवर चालणारा एअर पंप हवा, आणि घरी ५० लिटर ताजं खारं पाणी आदल्या दिवशीच तयार हवं. दगड पाण्यात बुडवूनच आणायचे. वाळले की वरचे जीव मरतात आणि नव्या घरी अमोनिया उसळतो. टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय उचलायची नाही. “थोडं पाणी राहू दे” म्हणणाऱ्याचं ऐकलं तर तळ तडकतो. जुनी वाळू सरळ फेकून द्या. तिच्या खालच्या थरात साठलेली घाण आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड ढवळला गेला की मासे त्याच रात्री जातात. तासाभराहून लांबचा प्रवास असेल तर मी चालू टाकी घेत नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

दोन्ही वाटांना सारखं

पाणी, मीठ आणि उष्णता यांतून सुटका नाही. एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम समुद्री मीठ लागतं, म्हणजे नवी टाकी भरायला पावणेचार किलोंच्या आसपास. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा १.०२५ यायला हवा. आठवड्याला दहा लिटर बदललं तर महिन्याला दीड किलो मीठ. चालू टाकीत पहिलं भरणं थोडं वाचतं, एवढाच फरक. दुकानातलं मीठ महाग म्हणून वर्सोव्याहून किंवा जुहूहून कॅन भरून आणायचा मोह होतो. आणू नका. तिथल्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात खारटपणाही घसरतो. मीठ कालवायला शुद्ध पाणी हवं, आणि घरच्या आरओमध्येही चव यावी म्हणून क्षार परत मिसळलेले असतात. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्याच्या जवळ दाखवत नसेल तर पुढे उरलेले क्षार काढणारा डीआय फिल्टर लावावा लागतो. आणि आटलेलं पाणी भरताना साधं आरओ पाणी घाला, खारं नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही. हे मला पहिल्या महिन्यात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

टाकीचं पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचं असतं. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा फिरवला की दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट मे महिन्यात पंखा नुसता फिरतो. पाणी थंड करणारा चिलर लागतो, आणि १५० वॅटचा चिलर दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला ४५ युनिट होतात. जुन्या सेटअपबरोबर चालू चिलर मिळत असेल तर पारडं एकदम चालू टाकीकडे झुकतं.

मासे

चालू टाकीबरोबर मासे येतात, पण आवडीचे येतीलच असं नाही. माझ्या वाट्याला तीन डॅमसेल आले होते. स्वस्त, चिवट आणि भांडखोर. नवीन येणाऱ्या प्रत्येकाचे पंख कुरतडत. पकडायचे म्हणजे अख्खा दगड उपसावा लागतो. एवढ्या टाकीत चार लहान मासे पुष्कळ झाले. ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी, एखादा फायरफिश (झाकण हवं, उडी मारतो), एखादा बंगाई कार्डिनल. निळा टँग कितीही गोंडस दिसला तरी त्याला याच्या पाचपट जागा लागते. क्लाउनला अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) लागतोच हा सिनेमाने पसरवलेला गैरसमज आहे. नव्या टाकीत अ‍ॅनिमोन बहुधा मरतो आणि मरताना पाणीही नासवतो.

शक्य असेल तिथे टाकीत वाढवलेला क्लाउन घ्या. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात त्यांची पैदास झालेली आहे. समुद्रातून धरलेल्या माशापेक्षा असा मासा गोळी-खाद्य लवकर खातो.

रिकाम्या टाकीत मासे तुम्ही निवडता, आधी वेगळ्या टाकीत ठेवून तपासता. चालू टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी आधीच असेल, तर मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. म्हणजे वाचवलेले सहा आठवडे परत गेले, वर आणखी महिनाभर.

कायद्याची बाब

“कोरलसकट देतो” असं कुणी म्हणालं तर थांबा. खडक बांधणारी कठीण प्रवाळं, समुद्री पंखे आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. विकणारा ओळखीचा आहे म्हणून ती ‘भेट’ होत नाही. मालवणच्या समुद्रातून किंवा मन्नारच्या आखातातून उचललेल्या ‘लाइव्ह रॉक’चंही (जीव वसलेल्या दगडाचंही) तेच, दोन्हीकडे संरक्षित क्षेत्रं आहेत. बाहेरून आणल्याचा दावा असेल तर कागद मागा. कागद नसतील तर मी असा सेटअप सोडून देतो. मग कोरडा किंवा कृत्रिम दगड आणि सहा आठवडे, दुसरं काय.

मग कुणी काय घ्यावं

विकणारा त्याच शहरात आहे, टाकीत कोळंबी जिवंत आहे, वहीत पाणी बदलल्याच्या तारखा आहेत आणि तुमचा फोन तो पुढचे दोन महिने उचलेल असं वाटतंय: चालू टाकी घ्या, वाळू सोडून. यातली एखादी गोष्ट लटकी वाटली तर काच, स्किमर, चिलर एवढ्याचाच भाव करा. वहीवर मी फार अडून बसत नाही, लिहिणारे थोडेच. कोळंबीवर मात्र बसतो.

भाड्याच्या घरात असाल तर प्रश्न वेगळा. अकरा महिन्यांचा करार संपला की बादल्या, टेंपो, दगड हे सगळं पुन्हा, आणि या वेळी विकणाऱ्याऐवजी तुमच्या माशांचं. मालक करार वाढवणार का, हे आधी विचारा. तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत नसाल तर ते टेंपोवाल्यालाही आधीच सांगून ठेवा. शंभर किलोंचं पाणी बादल्यांनी चौथ्या मजल्यावर चढवायचे पैसे तो वेगळे मागतो, आणि बरोबर मागतो.